रंगरावांचं रिजेक्ट फोल्डर

रंगराव मोटे कुठल्याही वस्तूला सहजासहजी चांगलं म्हणत नाहीत. पिंपळे गुरवमध्ये काटेपुरम चौकाच्या मागे त्यांची सोसायटी आहे, तिथल्या कुणालाही विचारा. पेढा तोंडात टाकण्याआधी ते तो उलटा करून बघतात. सोसायटीच्या गेटला नवा रंग दिला तेव्हा रंगारी निघून गेल्यावर हे बॅटरी घेऊन बिजागऱ्यांच्या मागे बघत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्या रंगाऱ्याला परत यावं लागलं. मुलीसाठी सुजितचं स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांनी मुलाला घरी बोलावून इतक्या शांतपणे न्याहाळलं, की बिचारा पोहे तसेच ठेवून गेला. आता तो त्यांचा जावई आहे आणि आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात नोकरी करतो. आपण पास झालो की नाही हे पप्पांनी अजून सांगितलेलं नाही, असं तो म्हणतो.

यात रंगरावांचा दोष नाही, नोकरीचा आहे. परांड्याकडच्या एका गावातून ते ऐन विशीत भोसरीला आले, चुलतभावाच्या खोलीवर राहिले, आणि ज्या कंपनीला चिकटले ती पुढे चाकणला गेली तरी तिथूनच निवृत्त झाले. कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायची आणि रंगराव ते तपासायचे. हातात माप तपासायचं गेज, टेबलाच्या एका अंगाला हिरवा क्रेट, दुसऱ्या अंगाला लाल. पीस मापात बसला की हिरव्यात, केसभर चुकला की लालात. तिथे दया नाही, ओळख नाही आणि "चालतंय की राव" तर अजिबात नाही. ब्रेक आहे, ते म्हणायचे, घाटात कुणाची तरी बायकापोरं गाडीत बसलेली असतात.

लाल क्रेटचा त्या कंपनीत आणखी एक नियम होता. त्यातला माल कुणी परस्पर भंगारात टाकायचा नाही. इन्स्पेक्टरने आधी तो पुन्हा एकदा बघायचा, दुरुस्त होण्यासारखा असेल तर रिवर्कला पाठवायचा आणि उरलेल्यावर सही करायची. सही होत नाही तोवर लाल क्रेट जागचा हलत नसे. हा नियम लक्षात असू द्या, कारण रंगरावांची अब्रू पुढे त्यानेच वाचवली.

नोकरीतला पहिला मोठा बोनस मिळाला तेव्हा लोकांनी फ्रिज घेतले, रंगरावांनी हँडीकॅम घेतला. त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, फ्रिज हवा होता. तो त्यांना पुढे मिळाला, पण तो विषय घरात अजून मिटलेला नाही. कॅमेरा आला आणि घरातला प्रत्येक प्रसंग कॅसेटमध्ये जाऊ लागला. मुलीचे, म्हणजे रुपालीचे, वाढदिवस, तिचं शाळेतलं गॅदरिंग, चासकमान धरणावरची सहल, सोसायटीचा गणपती. दसऱ्याला कंपनीत मशीनची पूजा व्हायची, त्या दिवशी कामगारांच्या घरची माणसं आत येऊन आपला माणूस कुठे उभा राहतो ते बघून जायची, तेही. पुढे चित्रण फोनवर आलं तरी हात तोच राहिला आणि शिस्तही तीच. फ्रेममध्ये जे घ्यायचंय तेवढंच आलं पाहिजे. मध्ये कुणी आडवं गेलं, कॅमेरा हलला, कुणाचं डोकं कापलं गेलं, की माल खराब.

कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा त्यांनी पिशवी भरून अनिसच्या दुकानात नेल्या. दुकान चौकातच आहे. अनिसचे वडील नूरमोहम्मद तिथे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, अनिस संगणक आणि फोन दुरुस्त करतो, पाटी मात्र अजून वडिलांच्याच नावाची आहे. अनिसने सगळं चित्रण संगणकात उतरवून दिलं आणि रंगरावांनी निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष ते तपासण्यात घालवलं. त्यांनी दोन फोल्डर केले, एकाला नाव दिलं ओके आणि दुसऱ्याला रिजेक्ट. रिजेक्ट उडवून टाका काका, जागा मोकळी होईल, असं अनिसने सुचवलं. त्यावर अजून सही व्हायची आहे, असं रंगरावांनी उत्तर दिलं. काका थट्टा करतायत असं अनिसला वाटलं. काका थट्टा करत नव्हते.

कुसुमताई हे सगळं शिलाई मशीनवरून बघत आल्या. सोसायटीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे असतात आणि उरलेल्या निम्म्यांची नावं त्यांच्या वहीत पुढच्या महिन्यात लागलेली असतात. त्यांचं बोलणं थोडं आणि नेमकं. भाजीत मीठ कमी पडलंय असं रंगराव म्हणाले, की त्या कंपनीच्याच मापात विचारतात, किती मायक्रॉन? मग रंगराव मिठाचा डबा जवळ ओढतात.

यंदा कुसुमताईंना साठ पूर्ण होणार, हे रुपालीने त्यांच्या शाळेच्या दाखल्यावरून शोधून काढलं. घरात आईचा वाढदिवस असा कधी झालाच नव्हता. रुपालीचा घरी व्हायचा, रंगरावांचा कंपनीत व्हायचा, आणि दोन्ही दिवशी श्रीखंड कुसुमताईच करायच्या. रुपालीने सोसायटीचा हॉल ठरवला, आईला कळू द्यायचं नाही असं सगळ्यांना बजावलं आणि वडिलांना फोन लावला.

"पप्पा, तिच्यावर फिल्म करा. माझ्या लग्नाच्या शूटिंगमधली नटलेली आई नको, ती सगळ्यांनी बघितलीय. आपल्या घरातली आई पाहिजे. ते फक्त तुमच्याकडे आहे."

रंगराव फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. आपण होऊन बायकोला आजवर काय दिलं, हे त्यांनी आठवून बघितलं. कुकर आठवला. तो त्यांनी दुकानदाराशी हुज्जत घालून, झाकण उलटंसुलटं करून निवडला होता, आणि तो घरी आल्यावर लहान पडला होता. पुढे काही आठवेना तेव्हा ते जरा ओशाळले. ही फिल्म मात्र बिघडू द्यायची नाही असं त्यांनी मनाशी पक्कं केलं, आणि रंगराव काही पक्कं करतात तेव्हा सगळ्यांच्याच नाकी नऊ येतात.

चित्रण होतं, पण ते कापायला आणि जोडायला सॉफ्टवेअर लागतं. सॉफ्टवेअर निवडायचं म्हणजे रंगरावांच्या लेखी नवा पुरवठादार नेमायचा. कंपनीत नव्या पुरवठादाराकडून आधी नमुन्याचा पीस करून घेतात, तसं त्यांनी इथे केलं. सोसायटीच्या गणपतीतल्या सत्यनारायणाची एक क्लिप घेतली. तीच प्रत्येक सॉफ्टवेअरला द्यायची, पुढचं-मागचं कापायचं, दोन तुकडे जोडायचे, वर नाव टाकायचं आणि फाइल बाहेर काढायची. जो पास होईल त्याला काम.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं आणि गुणी निघालं. रंगराव खूश होत आले होते, पण फाइल बाहेर पडली तेव्हा चौरंगावरून आडवं त्या सॉफ्टवेअरचं नाव उमटलेलं. पैसे भरले की नाव जाणार होतं, तेही दरवर्षी भरत राहिलं तर. आपल्या मालावर दुसऱ्याचा शिक्का कशाला, असं म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. दुसरं सुजितने सुचवलं. खरे सिनेमावाले हेच वापरतात, असं त्याने सांगितलं होतं. ते उघडल्याबरोबर पडद्यावर इतकी बटणं आली की रंगराव खुर्ची मागे घेऊन बसले. संगणकाचा पंखा कारखान्यातल्या प्रेस शॉपसारखा घोंगावायला लागला, आणि अक्षता टाकायला वर गेलेला गुरुजींचा हात जो हवेत थांबला, तो घरात जेवणं उरकली तरी खाली आला नाही. अनिसने येऊन बघितलं आणि सॉफ्टवेअर भारी आहे पण तुमच्या संगणकाला ते पेलत नाही, असा निकाल दिला. तिसरं रुपालीने त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. ते सगळं स्वतःच करतं, आपण नुसतं बघत बसायचं. त्याने सत्यनारायणाला ढोलताशा लावला, सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक केले आणि गुरुजींच्या डोक्याभोवती बदाम उडवले. रंगरावांनी ते शेवटपर्यंत गंभीरपणे पाहिलं. मग फोन बंद करून ठेवला.

उरली दोन. एक अगदी साधं, फुकट आणि बिनशिक्क्याचं. ते कापत होतं, जोडत होतं, आवाज कमीजास्त करत होतं, जुन्या कॅसेटच्या फाइली न कुरकुरता उघडत होतं, आणि याच्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. दुसरं हुशार. ते थोडे दिवस वापरून बघायला मिळत होतं, मग विकत घ्यायचं. ते हललेलं चित्र सरळ करायचं, नको तो आवाज पुसायचं आणि चेहरे ओळखायचं. एकदा माणसाचा फोटो दाखवला, की ते माणूस जिथे जिथे दिसतो ते तुकडे आपोआप काढून समोर ठेवायचं. रंगराव त्याच्यावर भाळलेच. हे तर नोकरीतल्या आपल्या हाताखालच्या कुठल्याही पोरापेक्षा सरस आहे, असं त्यांनी अनिसला सांगितलं. अनिस म्हणाला, काका, आधी काय बनवायचंय ते ठरवा आणि मग हत्यार निवडा. रंगराव हो म्हणाले आणि हुशार सॉफ्टवेअर सुरू करून बसले.

घरात एव्हाना निराळंच रामायण सुरू झालं होतं. कुसुमताई चहा घेऊन आल्या की रंगराव झटकन लॅपटॉपचं झाकण लावायचे. काय चाललंय विचारलं तर सोसायटीचं काम आहे म्हणायचे, आणि खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे त्यांचे कान लाल व्हायचे. कुसुमताईंनी रुपालीला फोन केला, की तुझ्या पप्पांचं काहीतरी बिनसलंय, या वयात काय बघत बसतात कोण जाणे. रुपालीला हसू आवरेना, तेव्हा तिने रेंज गेल्याचं सोंग केलं आणि फोन ठेवला. कुसुमताईंनी मग सरळ बाहेरच्या खोलीतलं मशीन हलवून लॅपटॉपच्या समोर आणून ठेवलं आणि तिथेच बसून काज करायला लागल्या. रंगराव भिंतीकडे पाठ करून काम करायला लागले.

वाढदिवस पुढच्या रविवारवर आला होता. रंगरावांनी रुपालीचा फोटो हुशार सॉफ्टवेअरला दाखवला आणि ओके फोल्डर समोर केलं. त्याने रुपालीचे ढीगभर तुकडे काढून दिले, फ्रॉकपासून पंजाबी ड्रेसपर्यंत. सुजितचा फोटो दाखवला, सुजित निघाला. कंपनीतले साहेब निघाले, सत्यनारायणाचे गुरुजी निघाले. मग त्यांनी कुसुमताईंचा आधार कार्डावरचा फोटो दाखवला. सॉफ्टवेअर गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी त्याने एकच तुकडा काढून दिला, दारामागचा एक अर्धा चेहरा आणि दार धरलेला हिरव्या बांगड्यांचा एक हात. एवढंच.

रंगरावांनी दुसरा फोटो देऊन बघितला. पुन्हा तोच हात. मग ते चिडले आणि लॅपटॉप काखेत मारून तडक अनिसच्या दुकानात गेले. हे सॉफ्टवेअर सदोष आहे, त्याला जावई ओळखता येतो, गुरुजी ओळखता येतात, पण जिने सगळं घर उभं केलं ती ओळखता येत नाही, अशी तक्रार त्यांनी चारचौघांत मांडली. अनिसने गिऱ्हाइकाचा फोन बाजूला ठेवला, ओके फोल्डर उघडलं आणि पुढेमागे करत निवांत बघितलं. मग तो जरा चाचरत म्हणाला,

"काका, सॉफ्टवेअर बरोबर आहे. काकू यात नाहीतच."

रंगरावांना ते खरं वाटेना. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी स्वतः बघायला घेतलं. रुपालीचा वाढदिवस, त्यात केक होता, मेणबत्त्या होत्या, टोप्या घातलेली पोरं होती. चासकमानचं धरण, पाणी कसं आरशासारखं आलं होतं. दसऱ्याची पूजा, हार घातलेलं मशीन, नारळ फोडणारे साहेब. सगळं सरळ, स्थिर आणि स्वच्छ होतं, आणि कुसुम कुठेच नव्हती. केक कुणी केला होता, धरणावर डबा कुणी नेला होता, हे त्या चित्रणावरून कळायला काही मार्ग नव्हता. रुपाली म्हणाली होती, घरातली आई पाहिजे, ते फक्त तुमच्याकडे आहे. आणि त्यांच्याकडे काय होतं, तर एक हात.

ते उठले आणि घरी आले. कुसुमताई त्या दिवशी राजगुरुनगरला बहिणीकडे गेल्या होत्या, घर रिकामं होतं. मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज तसाच होता. रंगराव त्याच्याकडे बघत बसले आणि बसल्या बसल्या त्यांना लाल क्रेट आठवला. सही अजून व्हायची होती.

त्यांनी रिजेक्ट फोल्डर उघडलं आणि पहिली क्लिप लावली. शाळेचं गॅदरिंग. पडदा वर गेला, पोरी नाचायला उभ्या राहिल्या, आणि पुढच्या रांगेतून एक गुलाबी साडी उठून अख्ख्या चित्रात पसरली. कॅमेऱ्याच्या मागून रंगरावांचा आवाज आला, अगं बाजूला हो. साडी वळली. तरुण कुसुम कपाळाला आठ्या घालून म्हणत होती, तिचा गजरा सुटलाय, तुम्हाला दिसत नाही का? आणि त्यातच ती स्टेजपर्यंत गेली, पोरीच्या केसात पिन खोचली आणि वाकून वाकून परत आली.

दुसरी क्लिप धरणावरची. पाण्यावरून कॅमेरा संथपणे फिरतोय आणि एकदम चटणी लावलेली गुंडाळलेली भाकरी समोर येते. बाजूला हो कुसुम, पाणी घेतोय. पाणी कुठे पळून जातंय, आधी खा. तिसऱ्या क्लिपमध्ये कुसुम पोरांना केक वाटत होती, नाकाला क्रीम लागलेलं होतं आणि ती इतकी हसत होती की तिला श्वास घेता येत नव्हता. त्याच्यावरही तोच आवाज, अगं बाजूला हो, मुलं झाकली जातायत. रंगराव एकेक लावत गेले. तिथे गौरी-गणपती होते, आजारपणातलं एक औषध पाजणं होतं, गच्चीवर वाळत घातलेले पापड होते. कुठे ती पाठमोरी होती, कुठे अर्धी, कुठे इतकी जवळ की नुसती नथ दिसत होती. पण प्रत्येक क्लिपमध्ये होती.

आणि मग दसऱ्याची एक क्लिप लागली. रंगरावांचं तपासणीचं टेबल झेंडूंनी सजवलेलं होतं. कुसुम हातात ताम्हण घेऊन आली आणि तिने गेजला हळद-कुंकू वाहिलं. हिरव्या क्रेटला वाहिलं. मग लाल क्रेटपाशी गेली, थोडं थांबली आणि त्यालाही वाहिलं. मागून रंगरावांचा दबका आवाज आला, बाजूला हो, साहेब येतायत. तिने मान वळवली आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाली,

"साहेब रोज येतात. मी आजच आलीय."

रंगरावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, तरी नीट दिसेना. चष्म्यात काही दोष नव्हता.

फिल्म मिळाली होती, याचा आनंद त्यांना एवढा झाला की त्यांनी स्वतःच उठून चहा केला. पण चहा पिताना दुसरी गोष्ट लक्षात आली आणि त्यांनी कप खाली ठेवला. जिथे कुसुम, तिथे त्यांचा आवाज. कॅमेरा हातात असल्यामुळे तो सगळ्यात मोठा आलेला. रविवारी हॉलमध्ये अख्खी सोसायटी बसणार, रुपालीच्या सासरचे बसणार, आणि ज्या बाईच्या कौतुकाला सगळे जमले तिला तिचा नवरा पहिल्यापासून शेवटपर्यंत बाजूला हो म्हणतोय असं ऐकणार. आणि कुसुम ऐकणार. आपण असं बोलायचो, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज कधी त्रास देत नाही.

हुशार सॉफ्टवेअरकडे यावर उपाय होता. ते दोन आवाज वेगळे करून त्यातला नको तो पुसू शकत होतं. रंगरावांनी दसऱ्याची क्लिप त्याला दिली, आपल्या आवाजावर बोट ठेवलं, आणि तो गेला. खरोखर गेला, मागमूससुद्धा राहिला नाही. मोकळं वाटून त्यांनी क्लिप पुन्हा लावली. कुसुमने क्रेटला हळद-कुंकू वाहिलं, मान वळवली आणि म्हणाली, साहेब रोज येतात, मी आजच आलीय. कुणाला म्हणाली? समोर कुणी नव्हतंच. धरणावरची क्लिप केली, तिथेही तेच. ती भाकरी पुढे करत होती आणि रिकाम्या जागेला खा म्हणत होती. रंगराव स्वच्छ सुटले होते, आणि कुसुम एकटीच आपली भिंतींशी बोलत राहिली होती. हे त्यांना आधीच्यापेक्षा वाईट वाटलं. आपण सगळीकडे होतो, चुकीचं का होईना पण बोलत होतो, हे तरी त्या पहिल्या आवाजात ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अनिसच्या दुकानात जाऊन हुशार सॉफ्टवेअर काढून टाकायला सांगितलं. अनिसला नवल वाटलं. त्याने विचारलं, इतकं चांगलं होतं, रिजेक्ट का केलं?

"लई साफ करतंय," रंगराव म्हणाले.

फिल्म साध्या सॉफ्टवेअरवर झाली. रंगरावांनी तुकड्यांची फक्त टोकं कापली आणि ते एकामागे एक जोडले. हललेलं तसंच हललेलं ठेवलं, आवाज तसाच ठेवला. हे काम करताना त्यांचा हात सारखा थबकायचा, कारण त्यांच्या हिशेबाने एकही पीस मापात नव्हता. शेवटी फाइल बाहेर पडली तेव्हा त्यांनी ती पुन्हा तपासलीसुद्धा नाही. नोकरीच्या काळात त्यांच्या हातून असं कधी घडलं नव्हतं.

रविवारी कुसुमताईंना सेक्रेटरीबाईंच्या ब्लाउजचं माप घ्यायचंय म्हणून हॉलवर नेलं. त्या गळ्यात टेप अडकवून आल्या, पदराला शिलाईचा दोरा चिकटलेला होता, आणि समोर सगळी सोसायटी बघून त्यांनी आधी रंगरावांकडे पाहिलं. रंगरावांचे कान लाल झालेले होते, त्यावरून त्यांना सगळं कळलं. रुपालीने त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं आणि दिवे घालवले.

पडदा, नाचायला उभ्या पोरी, आणि मग ती गुलाबी साडी. "अगं, बाजूला हो." हॉलमध्ये एक हसण्याची लाट आली. धरण आलं, भाकरी आली, पुन्हा तो आवाज, आणि आता लोक मोकळेपणी हसायला लागले. चौथ्या-पाचव्या क्लिपपर्यंत अशी स्थिती झाली की कुसुमताई चित्रात शिरल्या की मागच्या रांगेतली पोरं आधीच एका सुरात बाजूला हो म्हणायची आणि मग रंगरावांचा आवाज यायचा. सुजित हसून हसून डोळे पुसत होता. मागे खांबाला टेकून उभे असलेले रंगराव अंग चोरत चोरत त्या खांबाआड गेले. त्यांना फक्त एकच दिसत होतं, पुढच्या खुर्चीतली ती पाठ. कुसुमताई हसत नव्हत्या. त्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

दसऱ्याची क्लिप शेवटची होती. साहेब रोज येतात, मी आजच आलीय. यावर मात्र कुणी हसलं नाही, काही बायकांनी टाळ्या वाजवल्या. दिवे लागले. कुसुमताई उठल्या आणि त्यांनी पदर सारखा केला. रुपालीने घाईघाईने केक पुढे ओढला, पप्पांना खांबाआडून ओढून आणून आईशेजारी उभं केलं आणि स्वतः फोन उघडून समोर गेली. रंगराव अवघडून असे काही उभे राहिले की कुसुमताईंचा अर्धा चेहरा त्यांच्या खांद्याआड गेला.

रुपाली सवयीने म्हणाली, "पप्पा, जरा बाजूला व्हा ना."

हॉलमध्ये असा हशा पिकला की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. रंगराव खाली मान घालून निमूटपणे सरकायला लागले. तेवढ्यात त्यांच्या शर्टाची बाही कुणीतरी धरली.

"थांबा इथंच," कुसुमताई म्हणाल्या. "इतक्या वेळा सांगितलंत मला. मी झाले होते का कधी बाजूला?"

रंगराव थांबले. त्यांनी कुसुमताईंच्या पदराचा दोरा काढला आणि खिशात ठेवला. इकडे रुपालीला हसू आणि रडू एकदमच आलं, फोन हलला, केक चित्राबाहेर गेला, सगळ्यांची डोकी कापली गेली. एवढी बिघडलेली क्लिप मोट्यांच्या घरात आजवर निघाली नव्हती. रंगरावांनी दुसऱ्या दिवशी ती ओके फोल्डरमध्ये टाकली.